दोन डाव्या बाह्या

"तुझे वडील टेलर ना गं? चौदा-चौदा तास मशीन मारायचे, तूच सांगितलं होतंस. ते कधी अनफिट झाले? मग टेलरच्या घरात हे फटीग कुठून आलं?"

साहेब भर मीटिंगमध्ये बोलले. मूळचे पुण्याचे. इतरांशी इंग्रजी, माझ्याशी मुद्दाम मराठी. मग सगळ्यांना कळावं म्हणून तेच इंग्रजीत सांगितलं. दहा-बारा वैमानिक हसले.

मीही हसले.

झालं होतं एवढंच. सलग चार दिवस पहाटेची विमानं नेली आणि पाचव्या दिवशी कळवलं, थकले आहे, उडवणार नाही. नियमच आहे तसा. थकलेल्या वैमानिकानं विमानाला हात लावायचा नाही. साहेबांना नियम पाठ होता. पण तो माझ्यासारखीनं वापरावा, हे त्यांना सोसलं नाही.

टेलर. खरंच आहे. बंगळुरूच्या चामराजपेटेत अप्पांचं हातभर दुकान आहे. मला वैमानिक करताना त्यांचे डोळे अधू झाले. हे मी एकदा जेवताना साहेबांना अभिमानानं सांगितलं होतं. त्यांनी ते जपून ठेवलं आणि वेळ येताच तोंडावर मारलं.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. मीही हसले, तेसुद्धा सांगितलं. ते खाली मान घालून काजं करत होते.

"तू लहान होतीस पुट्टी. लग्नाचा कोट होता. दमलो होतो, तरी कात्री घेतली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. नवऱ्यामुलाच्या बापानं भर रस्त्यात थोबाडीत मारली."

सुईत दोरा ओवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"तेव्हापासून दमलो की कात्री खुंटीला. मशीन मारीन, कापणार नाही. शिवलेलं उसवता येतं. कापलेलं जोडता येत नाही. तू नाही म्हणालीस ते सरी, बरोबरच. हसलीस ते चुकलं."

दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

नोटिशीचं एक वर्ष होतं. एकही फेरी चुकवली नाही. प्रवाशांना तोच नमस्कार. नव्या सहवैमानिकांना हातचं न राखता शिकवलं. साहेबांबद्दल कुणी उकरून काढलं तर विषय बदलला. माझं भांडण साहेबांशी होतं, विमानानं माझं काय वाईट केलं होतं?

शेवटचं उड्डाण दुपारचं होतं. ढग सरले आणि खाली आमचं बंगळुरू दिसलं, तळी चमकत होती. डोळे भरून येत होते. पण विमान उतरवायचं होतं. इंजिनं बंद केली, कागद पुरे केले, आणि मग तिथंच बसून रडले.

गणवेश परत द्यायचा होता. अप्पांनी धुऊन इस्त्री केला. परत करायचा कपडा मळका देऊ नये, ही त्यांची रीत. खांद्यावरच्या कॅप्टनच्या चार पट्ट्यांवरून त्यांनी हात फिरवला. मला ते बघवेना.

ऑफिसात निरोपाचा फॉर्म पुढे आला. 'नोकरी सोडण्याचं कारण' या रकान्यात आधीच छापलं होतं, वैयक्तिक. टेबलापलीकडची बाई हळूच म्हणाली, "सही करा मॅडम, सगळे तसंच देतात."

मी ते खोडलं. लिहिलं, 'थकले असताना विमान उडवायला नकार दिला. त्यावरून सभेत माझ्या वडिलांच्या धंद्याची थट्टा झाली.' शिवी नाही, आरोळी नाही. खाली पूर्ण नावानिशी सही केली.

आता घरी आहे. वरून विमान गेलं की अप्पा मशीन थांबवतात. मी वर बघत नाही. काळीज तुटतं.

दुसरीकडे अर्ज केलाय. आधीची नोकरी का सोडली, विचारतील. आहे ते सांगेन. घेतलं तर उडवीन, आणि दमले तर तिथंही दमले म्हणून लिहून देईन. बाप काय करतो विचारलं तर टेलर म्हणेन. सगळी खोली हसू दे.

मी हसणार नाही.