राजाची पिलं

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण नातवंडांनी "एखादी केस सांगा" म्हटलं की मला वारज्याचा कोंबडाच आठवतो.

तेव्हा मी तिथल्या चौकीवर होतो. एक निवृत्त शिक्षक तक्रार घेऊन आले. पत्नी गेल्यापासून एकटेच राहत. सोबतीला राजा नावाचा कोंबडा. अंगावर करडे पट्टे, पायांवर मोजे घातल्यासारखी पिसं. तो परवापासून गायब होता. संशय भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या घरातल्या बाईंवर. बाई विदर्भातल्या, चार घरी स्वयंपाक करायच्या.

"चोरीच कशावरून?" मी विचारलं.

"अहो, कोंबडा आहे तो. राजीनामा देऊन जात नाही."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनने बाईंच्या अंगणातली बांग मोबाईलवर रेकॉर्ड करून आणली. आम्ही गेलो, डालगं उचललं, तर आत राजा ऐटीत उभा. भोवती एक गावरान कोंबडी आणि तिची पिलं. पंचांसमक्ष सगळा मुद्देमाल चौकीत आणला. त्याने माझं टेबल घाण केलं, ते पंचनाम्यात घेतलं नाही.

बाईंनी पदर मुठीत घट्ट धरला होता. "साहेब, तो आपल्या मनानं रोज येते जी. परवा मांजर टपलं होतं म्हून झाकला. सांगाले गेली, त सरांनी गेटच नाही उघडलं. चोरीचं नाव लागलं त चारी घरचं काम जाईन माह्यं."

"मी कुणालाच गेट उघडत नाही," सर म्हणाले. "आणि माझा कोंबडा अंगण सोडत नाही."

माझी आई कोंबड्या पाळायची. पिलांच्या पायांकडे पाहिलं आणि मला शंका आली. एक उचलून सरांपुढे धरलं. "हे कुणाचं असेल?"

शिक्षकाला प्रश्न विचारला की त्याला गप्प बसवत नाही. सरांनी चष्मा पुसला. "पट्टेरी कोंबड्याच्या पिलांना असतो तसा डोक्यावर पांढरा ठिपका, पायांवर पिसं. आमच्या राजाचंच." दुसरं, तिसरंही तसंच. चौथ्याची मान उघडी, पाय गुळगुळीत. "हे बाहेरचं," ते नाक मुरडून म्हणाले.

"वय?"

"पंखांना पिसं फुटलीत. पंधरा दिवसांची असतील."

"आणि अंडी उबायला?"

"तीन आठवडे तरी..." सर थांबले.

राजा गायब परवापासून आणि त्याची पिलं पंधरवड्याची. म्हणजे महिन्याभराहून जास्त तो भिंतीपलीकडे जात होता आणि संध्याकाळी मुकाट घरी परतत होता. बाई खरं बोलत होत्या.

सर पिलू हातात घेऊन बाईंकडे वळले. म्हणाले, "चुकलं माझं. आता आपण व्याही झालो म्हणायचं."

"मंग येत जा पोरं पाहाले," बाई म्हणाल्या.

तक्रार आली की आम्ही पोलीस आधी चोर शोधतो. गेलेला स्वतःहून का गेला असेल, हा प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक बेपत्ता प्रकरणात आधी विचारला, आणि पुष्कळदा तोच कामी आला.

मी सरांना राजाला घेऊन जायला सांगितलं. "राहू दे बाईंकडेच, पिलांजवळ," ते म्हणाले. "मीच जात जाईन." मला ते गृहस्थ फार आवडले. माल सापडूनही तो न नेता समाधानाने गेलेला फिर्यादी मी तो एकच पाहिला.