बिजलीची पाठवणी

"उस्ताद, जरा मागं सरका. नारळ फोडायचाय," गोविंदराव म्हणाले.

मी मोटरसायकलवरून उतरून हेल्मेटही काढलं नव्हतं. अंगणात पिकअप उभी, मागं चढायला फळी टेकवलेली. फळीपुढं तीन वर्षांची लाल घोडी, बिजली. कपाळाला हळदीकुंकू. गोविंदरावांच्या मंडळी, गयाबाई, तिला ओवाळत होत्या आणि हमसून रडत होत्या. नारळ फळीजवळ फाडकन फुटला. बिजलीनं दोन पाय वर केले, दावं तोडलं आणि थेट गोठ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"कितव्यांदा हे?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा. दर बारीला मुहूर्त बघून करून राहिलो, तरी चढंना."

म्हणजे तीनदा पाठवणी झाली होती आणि नवरी अजून माहेरीच होती.

मी चाबुकस्वार. कच्च्या घोड्याला माणसाची, रस्त्याची, गाडीची सवय लावणं हे माझं काम. नाव ऐकून लोक माझ्या हातात चाबूक शोधतात. माझ्या खिशात गुळाचा खडा असतो. आमच्या नांदेड-लातूर पट्ट्यात वरातीला घोडी लागतेच, जत्रेत घोडी मिरवायची हौसही मोठी. म्हणून पोट चालतं.

तर बिजली. तिची आई वितानाच गेली. गोविंदरावांच्या लेकीनं, वर्षानं, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. वर्षा आता उदगीरकडं दिलेली. तिच्या सासऱ्यांनी मोठ्या मनानं घोडीसाठी शेड बांधलं होतं. इकडं मुखेडजवळच्या या गावात गोविंदरावांचे गुडघे गेलेले. बिजलीला पाण्यावर न्यायचं म्हटलं की बिजलीच त्यांना न्यायची. त्यांनी सांगून टाकलं होतं, "पोळ्यापातुर गेली तर गेली. न्हाई तर व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो."

वर्षाचा मला रोज फोन. "उस्ताद, काय बी करा, पर तिला व्यापाऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. माझ्या हातची हाय ती."

चालवत न्यायचं तर मधे हमरस्ता. आणि नाव बिजली असलं तरी ही बाई एसटी दिसली की ज्वारीत घुसायची.

मी आधी नारळ बंद केला. पिकअपमधे पाय ठेवायचा म्हणजे काहीतरी फुटतं आणि गयाबाई रडतात, एवढं बिजली पक्कं शिकली होती. घोडं वाईट गोष्ट लवकर शिकतं. यात ते माणसासारखंच.

सकाळी मी तिला पांदणीनं फिरवायचो. आधी पायी, मग हलकं बसून. मोरीचा पाइप दिसला, थांबली. मीही थांबलो. तिनं बघून घेतलं, हुंगलं, गूळ खाल्ला, पुढं गेली. पिकातल्या बुजगावण्यानं मात्र चांगलाच घाम काढला. त्याला गोविंदरावांचा जुना शर्ट होता, तरी तिला ते परकं वाटलं. हळूहळू सरावली. एक दिवस शेजारून एसटी गेली आणि तिनं नुसते कान हलवले. मी तिच्या मानेवर थाप मारली. लई बरं वाटलं.

मग लोडिंग, म्हणजे गाडीत चढवणं. फळी पायाखाली वाजते, घोड्याला ते आवडत नाही. म्हणून पिकअप रिव्हर्स घेऊन बांधाला लावली. गाडीची जमीन आणि बांध एका पातळीत. वर पोती अंथरली. बिजली यायची, पुढचे दोन पाय आत टाकायची. तेवढ्यात गयाबाई डोळ्याला पदर लावून बांधावर. बिजली मागं. रोज हेच.

"वहिनींना चार दिवस भावाकडं धाडा," मी गोविंदरावांना म्हणालो.

"तुमीच सांगा. मला ह्याच घरात जेवायचंय."

मी सांगायला गेलो. गयाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लेक गेली. आता ही बी गेली की मी बोलू कुणासंगं? ह्यांच्यासंगं? हे बातम्या बघत बसतेत."

मी आपला घोडीला दोष देत होतो.

"इथं ठेवली तर व्यापारी नेईल, वहिनी."

"ते बी खरंच हाय. मंग मी काय करू?"

"भरड्याची पाटी घ्या आणि आत जाऊन बसा. रडायचं तर तिथं बसून रडा."

गयाबाई पाटी घेऊन पिकअपमधे जाऊन बसल्या. बिजलीनं बांधावरून बघितलं. मान लांब केली. मग एक पाय, दुसरा, आणि चारी पाय आत. त्या दिवशी दार लावलं नाही, खाऊ दिलं आणि उतरवली. पुढं दार लावलं, मग इंजिन चालू केलं, मग वेशीपर्यंत चक्कर. दर चकरेला गयाबाई आत, बिजलीशी बोलत.

निघायच्या दिवशी बिजली एका दमात चढली. मी आत पुढं तिचं दावं धरून उभा. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, उतरा आता." गयाबाई हलल्या नाहीत. शेजारी पिशवी आणि घरच्या पाण्याची कळशी.

गोविंदराव बघतच राहिले. "लेकीच्या घरी चाललीस? लेकराबाळाचं होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी पेत न्हाईत."

"लेकीकडं कोण चाललंय? मी बिजलीला सोडाय चाललीया."

वाटेत बिजली शांत होती. वर्षानं शेडपाशी आधी घोडीच्या गळ्याला मिठी मारली, मग आईच्या. मग तिघी रडल्या. म्हणजे दोघी रडल्या, तिसरी भरडा खात होती.

आठवडा झाला, गयाबाई तिकडंच. वर्षानं फोनवर सांगितलं, आईनं कळशी संपेपर्यंत घरचंच पाणी पिलं. मग म्हणाली, चहात दूध असतंय, ते चालतंय.

त्यानंतर गोविंदरावांचा फोन. आवाज पडलेला. "उस्ताद, हिला परत आणायचं काई ट्रेनिंग हाय का?"

"हाय की. तिथं जाऊन शेजारी बसा. ओढू नका. आणि नारळ नेऊ नका."

दुसऱ्या दिवशी ते उदगीरच्या एसटीत बसले.