दिलेला पट

रॅब मचच्या नाकावर राग असतो, असं आमच्या पोर्टस्कार बंदरात कुणी म्हणत नाही. तो राग नाकावर कधी थांबलाच नाही, थेट मुठीत उतरला. धक्क्यावरच्या शेडमध्ये तो हॅडक मासा चिरायला उभा राहिला की शेजारचे हातभर लांब सरकतात. घरातल्या भिंतीला ठिकठिकाणी त्याच्या मुठीचे खड्डे आहेत, आणि त्यांवर त्याच्या बायकोने, एल्स्पेथने, कॅलेंडरं लावली आहेत. इतकी कॅलेंडरं आमच्या पोस्टातसुद्धा नाहीत.

असला माणूस गोल्फ खेळतो. आणि खेळतो म्हणजे जीव टाकतो.

जुलैत टीव्हीवर मोठी स्पर्धा लागली की तो सकाळपासून खुर्चीत. चहा थंड होतो, हा गरम होतो. "हा बघ गुळगुळीत बाबा! वारा सुटला की बॉल सोडून केस सांभाळतो! अरे गाढवा, खाली ठेव, वाऱ्याच्या पोटाखालून मार!" एका वर्षी त्याने चहाची किटली टीव्हीवर घातली. एल्स्पेथ म्हणाली, "पुढच्या वर्षी रेडिओ ऐक. स्वस्त पडेल."

टीव्हीवाले म्हणतात, हा सभ्य माणसांचा खेळ. सभ्य? डोंबल! रॅबला विचारा. दुसऱ्या खेळात कुणी ढकलतं, लाथ घालतं, दोष द्यायला माणूस तरी असतो. इथे बॉल गवतात निपचित पडलेला. जे काय बिघडतं ते तुमच्याच हाताने. सगळी मारामारी आतल्या आत, आणि ती करून माणूस रिकामा होतो. लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या आमच्या वाळूच्या कुरणावर, अठरा होल खेळून आला की रॅब बटाट्या-मटणाचं जेवण मुकाट जेवायचा आणि खुर्चीतच झोपायचा. त्या दिवशी भिंत सुखरूप.

हे वेड बापाने लावलं. म्हातारा मच ट्रॉलरवर तांडेल होता, हातात पट्टा असलेला. कापून आखूड केलेल्या काठ्या त्याने दोन्ही पोरांना दिल्या, थोरल्या डॉडला आणि रॅबला. होलाच्या तोंडाशी आलेला बॉल पटरने, म्हणजे चपट्या लोखंडी तोंडाच्या काठीने, आत ढकलायचा, त्याला पट म्हणतात. पोराचा पट चुकला की पाठीत पट्टा बसायचा. आता सगळ्या जगात रीत अशी, की समोरच्याचा बॉल होलापासून वीतभरावर आला तर आपण म्हणायचं, "दिला. उचल." त्याने बॉल उचलायचा, पट गेला असं धरायचं. म्हातारा हे मानायचा नाही. "कुणाला काही द्यायचं नाही," तो म्हणायचा. "समुद्र मला देतो काय रे?" आणि बोलता बोलता पट्टा काढायचा.

म्हातारा मेला, पण त्याचा कायदा काही मेला नाही. गावच्या ढालीच्या अंतिम सामन्यात दोघे भाऊ समोरासमोर आले. शेवटच्या होलावर रॅबचा बॉल वीतभरावर थांबला. वारा सुसाट. रॅबने भावाकडे पाहिलं. डॉड गप्प. एक शब्द, एवढाच प्रश्न होता. तो शब्द आला नाही. रॅबने पट मारला, वाऱ्याने बॉल हलवला, चुकला. आणि रॅबने तोच पटर फिरवून सख्ख्या भावाच्या तोंडावर घातला.

डॉडचा डावा डोळा गेला. रॅब तुरुंगात गेला. सुटून आला तर क्लबने त्याला लिंक्स बंद केलेलं. ती वर्षं एल्स्पेथने कशी काढली ते तिलाच ठाऊक. भिंती संपत आल्या होत्या. रॅबला स्वतःचीच भीती वाटायची, की पुढची मूठ भिंतीवर पडणार नाही. एल्स्पेथलाही तेच दिसत होतं. अखेर क्लबने त्याला परत घेतलं, एका अटीवर: पुन्हा हात उगारला तर जन्मात काठी धरायची नाही. एल्स्पेथ म्हणाली, "तुझं गोल्फ गेलं ना रॅब, तर मी बहिणीकडे जाईन. धमकी देत नाही हं. जीव वाचवायला जाईन."

यंदा ढालीच्या चिठ्ठ्या टोपीतून काढल्या. क्लबच्या चिटणीस इशबेलबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिली चिठ्ठी उघडली: रॅब मच. दुसरी उघडली आणि ती दोनदा वाचली. डॉड मच. चिठ्ठी बदला, असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. निघालं नाव ते निघालं. पंच म्हणून बाई स्वतःच बरोबर चालल्या.

डॉड एका डोळ्याने, मान वाकडी करून खेळायचा, पण खेळायचा पक्का. त्या दिवशी तो ढालीसाठी आलाच नव्हता. पहिल्याच टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, त्याचं तोंड सुटलं. "काय रे, आज पटर आणलास की सुरीच? तुरुंगात सराव कुठे करायचास, संडासात?"

रॅबने बॉल खाली ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मूठ काठीवरच राहिली.

त्याला कळलं होतं. डॉडला फक्त एक ठोसा हवा होता. एक ठोसा, की रॅबचं लिंक्स गेलं, बायको गेली, सगळं गेलं. डोळ्याच्या बदल्यात आयुष्य. सौदा वाईट नव्हता.

मधल्या एका होलावर रॅबने बॉल असा बडवला की तो वाटेत एका समुद्रपक्ष्याला लागला. पक्षी जागच्या जागी मेला. डॉड त्याच्यापाशी उभा राहिला. "बघा बाई, ह्याने हात लावला की असं होतं. एल्स्पेथ अजून जिवंत कशी हेच नवल."

रॅबने काठी गुडघ्यावर धरून वाकवली आणि पिशवीत टाकली. पुढे ती मारण्याच्या कामाची राहिली नाही. बाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

गारा सुरू झाल्या. शेवटच्या होलावर दोघे बरोबरीत आले. तिथे रॅबचा बॉल पाच फटक्यांत होलात गेला. डॉडचे दोन झाले होते आणि बॉल होलाजवळ होता. हा पट घातला की सामना त्याचा. त्याने मारला. बॉल वीतभर अलीकडे थांबला, तरी तेवढा आत गेला की जिंकणार तोच.

त्या अंतिम सामन्यात रॅबचा बॉल जिथे थांबला होता, तिथेच.

डॉडने ते पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. पटर टाकून तो भावावर धावून आला. "मार ना! हरामखोरा, दिवसभर वाट बघतोय! मार!" आणि रॅब हलेना तेव्हा त्यानेच मूठ आवळून रॅबच्या तोंडात हाणली. एकदा, परत एकदा. दात तुटला. हिरवळीवर पांढऱ्या गारांत रक्त सांडलं. रॅबचे दोन्ही हात अंगाला चिकटलेले, नखं तळव्यात रुतलेली. बापापुढे उभा राहायचा तसा तो उभा होता.

इशबेलबाई धावत आल्या. "रॅब! कुणी मारलं ते तुझ्या तोंडून सांग. आत्ता डॉडला बाद करते. कायमचा!"

बाईंनी सगळं पाहिलं होतं, पण तक्रार मार खाणाऱ्याचीच लागते. रॅबने फक्त नाव घ्यायचं होतं. लिंक्स त्याचं, सामना त्याचा, आणि पूर्वी तो होता तसा डॉड बाहेर. असली संधी शत्रूलाही मिळत नाही.

"गारा, बाई," रॅब म्हणाला आणि दात थुंकला. "आज जरा मोठ्या पडतायत."

मग त्याने डॉडच्या बॉलकडे पाहिलं.

"दिला," तो म्हणाला. "उचल."

डॉड जागीच थिजला. "नको. तुझी भीक नको मला. मी घालणार."

"दिलेला पट परत करता येत नाही, डॉड," बाई म्हणाल्या. "तसा नियम आहे. सामना तू जिंकलास."

"मी घालणार म्हटलं ना!" डॉडने पटर उचलला आणि मारला. बॉल डावीकडून निघून गेला, जिथे त्याला दिसत नव्हतं. ओढून परत ठेवला, परत मारला. परत डावीकडून. हुंदका आला तशी शिवी हासडून त्याने पुन्हा ठेवला. कशालाच काही अर्थ नव्हता, सामना संपला होता. रॅब बघत होता. इतक्या वर्षांत त्या गेलेल्या डोळ्यापायी डॉडचं काय काय चुकलं असेल, हे त्याला त्या हिरवळीवर पहिल्यांदा दिसलं, आणि तुटल्या दातापेक्षा ते जास्त झोंबलं.

सामना संपला की टोपी काढून हात मिळवायचा, ही आमची जुनी रीत. रॅबने टोपी काढली. दोन पावलं पुढे गेला आणि उजवा हात पुढे केला.

डॉड दचकून मागे सरला. दोन्ही हात तोंडावर घेऊन त्याने चांगला डोळा झाकला.

रॅबने हात मागे घेतला नाही. "हात मिळवायलाय रे," तो म्हणाला. "नुसता हात." डॉडने तोंडावरचे हात काढले नाहीत, आणि रॅब आपला हात तसाच पुढे धरून गारांत उभा राहिला.