गाडी चालू असती तर

"गाडी चालू असती तर मीच येऊन चालवत नेली असती," तो फोनवर म्हणाला. "पण आता टोइंगवालाच पाठवावा लागेल. महिनाअखेरीस पाठवतो."

तो म्हणजे माझा पूर्वीचा नवरा. बंगळूरला असतो. घटस्फोट झाला तेव्हा रावेतचा फ्लॅट माझ्याकडे आला आणि गाडी त्याच्या वाट्याला गेली, पण तिकडे पार्किंग नाही म्हणून ती माझ्याच सोसायटीत खाली उभी राहिली. आता त्याला पार्किंग मिळालं होतं. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले.

उगाच आडपडदा कशाला ठेवू? मला तो परत यायला नको होता. ते सगळं केव्हाच संपलं होतं. पण टोइंगवाला आला असता तर साखळी लावून गाडी चढवून गेला असता. गाडी चालू झाली तर तो स्वतः येणार होता. वर येऊन हातपाय धुतले असते, माझ्यासमोर बसून चहा घेतला असता. माझ्या स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीवर आता इस्त्रीचे कपडे असतात. त्या खुर्चीवर एक तासभर कुणीतरी बसावं, एवढीच माझी हाव होती. माणूस एकटा राहिला की त्याच्या इच्छासुद्धा चिंगूस होतात.

गाडी दोन सीटची, लाल, माझ्या नोकरीइतकी जुनी. इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे नाकात, त्यामुळे गार करायचं पाणी पुढून मागे आणि मागून पुढे नेणारे दोन लांब पाइप पोटाखालून जातात. ते गंजून चाळणीसारखे झाले होते. खाली हिरवं पाणी ठिबकायचं म्हणून सेक्रेटरींनी गाडीखाली घमेलं ठेवलं होतं आणि माझ्याकडे बघताना त्यांचा चेहरा असा असायचा, की जणू मीच गळतेय.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे येणाऱ्या नगांमधली खोट शोधायची आणि ते परत पाठवायचे, हे माझं काम. स्वभावही त्याला साजेसा झाला आहे. लोक म्हणतात आधी स्वभाव होता, मग नोकरी मिळाली. सुट्टी गुरुवारी, कारण आमच्या पट्ट्यातल्या कंपन्या गुरुवारी बंद. तो आयटीत, त्याला शनिवार-रविवार. आमच्या संसारात फारशी भांडणं झाली नाहीत. भांडायलाही दोघांना एका दिवशी सुट्टी लागते. रविवारी मी शिफ्टहून यायचे तेव्हा तो याच गाडीखालून बाहेर येऊन हात पुसत असायचा. गुरुवारी मी एकटीच घर आवरायचे. पुढे त्याने बंगळूरची नोकरी घेतली आणि आमचं एकमेकांना न भेटणं नुसतं कागदावर आलं.

पाइप बाजारात मिळेनात. मग जुने पाइप मापायचे आणि नवीन स्टेनलेसचे वाकवून घ्यायचे ठरवलं. आमच्या कंपनीतले एक जुने फिटर चऱ्होलीचे आहेत. त्यांच्या घरामागे जुन्या गोठ्यात टेम्पोच्या कामासाठी खड्डा आहे. त्यात उतरलं की गाडीचं पोट डोक्यावर येतं. त्यांनी आपल्या टेम्पोला दोर बांधून गाडी ओढत नेली. स्टिअरिंगवर मी. स्पाइन रोडला कांद्याच्या टेम्पोमागे लाल स्पोर्ट्स कार रांगतेय म्हटल्यावर लोक व्हिडिओ काढणारच. एक दुचाकीवाला शेजारी येऊन म्हणाला, "ताई, गाडी भारीये, पण टेम्पोच पुढं चाललाय." मी काच वर केली.

गोठ्याच्या तिन्ही बाजूंना आता टॉवर उभे आहेत. खड्ड्यात उतरून मी जुने पाइप काढले. क्लॅम्पचे बोल्ट गंजाने असे धरलेले, की निम्मे तोडावेच लागले. मग रोज घरी बसून ड्रॉइंग केलं, प्रत्येक वाक, प्रत्येक कोन. आणि भोसरीच्या एका पाइपवाल्याकडे, जो आमच्या कंपनीलाही माल देतो, शिफ्टच्या आधी नेऊन दिलं. पाइप आले ते आरशासारखे. मी गेज लावून तपासले, एकही खोट नाही.

पुढच्या गुरुवारी बसवले. पाइपांच्या टोकांवर होज, म्हणजे रबरी नळ्या, चढवले, क्लिपा आवळल्या, पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. गरम झालं, दाब चढला आणि पुढचा होज फटकन निसटला. सगळं हिरवं पाणी खड्ड्यात, म्हणजे माझ्या अंगावर. नशीब, अजून उकळलं नव्हतं.

पाइपच्या टोकाला एक उंचवटा असतो, गोल कडं असतं म्हणा, त्याच्यामागे क्लिप बसते म्हणून होज निसटत नाही. माझ्या पाइपांना ते कडंच नव्हतं. आमच्या कंपनीत ते कडं पाडणं हे वेगळं काम, वेगळ्या मशीनवर, वेगळ्या ड्रॉइंगवर. वाकवण्याच्या ड्रॉइंगमध्ये ते कधी नसतंच. मी सवयीने वाकवण्याचं ड्रॉइंग केलं आणि दुसरं करायचं राहिलंच.

पाइपवाल्याला फोन केला. "अहो, टोकं सपाट ठेवलीत? होज थांबेल का त्यावर?"

"मॅडम, मला वाटलं होतं," तो म्हणाला. "पण ड्रॉइंगमध्ये नव्हतं. आणि ड्रॉइंग तुमचं होतं. मागं एकदा मी मनानं कोपरा घासून दिला तर तुम्ही सगळा लॉट परत पाठवला होता."

आपलेच दात आपलेच ओठ. मी खड्ड्यात बसून हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, कारण महिना संपत आला होता आणि माझ्याकडे आता एकच गुरुवार होता.

कडी पाडून पाइप परत आले. शेवटच्या गुरुवारी पुन्हा सगळं बसवलं. राहिलं फक्त हवा काढायचं. एवढ्या लांब पाइपांत हवा अडकते, आणि अडकली तर इंजिन तापून बसतं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ॲक्सिलरेटर दाबून धरायचा, दुसऱ्याने पुढे रेडिएटरचा स्क्रू सैल करून हवा सोडायची. फिटर नेमके लग्नाला गेलेले. त्यांच्या बायकोला, वहिनींना, मी आत बसवलं. नऊवारी सावरत त्या त्या बुटक्या गाडीत उतरल्या.

"आगं बया, ही तर जिमिनीवर बसल्यावानी हाय," त्या म्हणाल्या. "कंचं दाबू?"

"उजवं. हळूच. सोडू नका."

हीटर पूर्ण चालू ठेवावा लागतो, त्यामुळे आत भट्टी झालेली. स्क्रू सैल केला, हवा फुसफुसत निघाली, मग फेस, मग थुंकल्यासारखं पाणी.

"ताई, ह्या गाडीचं मालक कुठं असत्यात?"

"बंगळूरला."

"येनार हायेत का न्यायला?"

"गाडी चालू झाली तर येणार आहेत."

घाम वहिनींच्या कपाळावरून गळत होता, पण पाय हलला नाही. "व्हय तर," त्या म्हणाल्या, "मग चालू झालीच पायजे. दाबते मी, तुमी करा सावकाश."

पाण्याची धार सलग झाली. स्क्रू आवळला. पंखा आपोआप फिरला, तापमानाची सुई मधोमध थांबली. मी जमिनीवर बसूनच वहिनींचे पाय धरले, आणि त्या "आवो, आवो" करत राहिल्या.

गाडी मी स्वतः चालवत रावेतला आणली. वाटेत, चहाबरोबर द्यायला घरात काय काय आहे ते आठवत होते. रात्री खुर्चीवरचे कपडे उचलून कपाटात ठेवले आणि मग त्याला फोन केला.

"चालू झाली," मी म्हटलं. "सुई हलत नाही. कुठेही ने."

"काय सांगतेस!" त्याला खरंच आनंद झाला. "मग तर कामच सोपं झालं. माझं इथे शनिवार-रविवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, मला निघता येणार नाही. ड्रायव्हर पाठवतो. चालू गाडी काय, कुणीही आणेल."

ड्रायव्हर दोन दिवसांनी सकाळी आला. भला माणूस होता. चहा विचारला तर उभ्यानेच खाली पार्किंगमध्ये घेतो म्हणाला. मी त्याला सुईवर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि गाडी गेटबाहेर वळून दिसेनाशी झाल्यावर कामावर गेले.

दुसऱ्या दिवशी पूर्वीच्या नवऱ्याचा फोन आला. "गाडी पोचली. झकास चालली म्हणे. आत्ता खाली वाकून पाहिलं, काय काम केलंय! कुणी केलं?"

मला सांगायचं होतं, मीच केलं. तू यावास म्हणून केलं.

"चाकणचं एक माणूस आहे," मी म्हटलं.

"त्याचा नंबर पाठव ना. माझ्या एका मित्राची अशीच गाडी आहे."

"नाही रे," मी म्हटलं, "ते बाहेरची कामं घेत नाही."