समुद्रकाठची बादली

संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच कोकणात, समुद्रकाठच्या रिसॉर्टवर गेलो. दिवसभर माडांखाली नुसतं पडून होतो. बायको कधी नव्हे ते दुपारची झोपली.

संध्याकाळी लाटांत पाय सोडून बसलो होतो, तेवढ्यात बायकोला संभाजीनगरहून शेजारणीचा फोन आला. "वहिनी, नळ आलाय अन् तुमच्या घराला कुलूप!" आता पुढचं पाणी थेट आठवड्यानं. बायकोचा चेहरा उतरला.

"इथं तरी नळाचं नाव काढू नको," मी खेकसलो.

खोलीवर येताच तिनं बाथरूममधली बादली काठोकाठ भरली. तिथं पाणी चोवीस तास होतं. मी बोलणारच होतो, पण तिची वाकलेली पाठ दिसली. टेबलावरचा रिकामा जग मी मुकाट्यानं तिच्यापुढं धरला.