रेणुकाची पिशवी मी सगळ्यांसमोर उलटी केली

मागच्या महिन्यात, शनिवारी सुट्टीच्या वेळेला माझ्या हातून एक वाईट काम झालं. चांगलं केलेलं सगळेच इथं टाकतात... मी हे टाकते.

मी लातूरला एका डाळमिलमध्ये आहे. मशीनमधून आलेल्या तूरडाळीतले खडे, काळे दाणे हातानं निवडायला बारा-तेरा बाया बसतात, त्यांच्यावर मी. संध्याकाळी गेटवर झडतीपण मीच घेते, पिशवीतून डाळ जाऊ नये म्हणून.

रेणुका आमच्यात तीन वर्षांपासून. जळकोटकडची, बोलणं कमी. सकाळी तिचे डोळे जड असायचे आणि मी रोज ओरडायचे, "रात्रभर मोबाइल बघती का गं?" कधी उत्तर दिलं नाही तिनं. दुपारी डबा खाल्ला की पिशवी घेऊन पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन यायची.

मला वाटलं, ही डाळ भरती. शनिवारी गेटवर म्हणलं, पिशवी उलटी कर. ती हळूच म्हणली, "अक्का, बाजूला चला ना, तिथं दाखवते." बाजूला कशाला? मागं बाया खोळंबलेल्या, मला मुळात धीर नाही... हिसकून घेतली आणि केली उलटी.

डाळीचा एक दाणा नव्हता. गोळ्यांची पाकिटं पडली आणि दवाखान्याचा एक कागद.

मी चौथी शिकलेली. मराठी वाचते, इंग्रजी येत नाही. कागद गप परत द्यायचा होता ना... पण नाही, मला कळायलाच पाहिजे! आमच्यातली पूजा बारावी झालेली आहे, तिच्या हातात दिला. वाच म्हणलं. तिनं वाचला, तोपण मोठ्यानं. "अक्का, हा तर डोक्याच्या डॉक्टरचा आहे ओ. मनाच्या आजाराच्या गोळ्या आहेत ह्या."

रेणुका खाली बसली आणि एकेक पाकीट उचलून पिशवीत टाकू लागली. उठताना एवढंच म्हणली, "तीन वर्षं झाली अक्का. मी निवडलेल्या डाळीत कधी खडा निघाला का?"

नव्हता निघाला. एकदाही नाही.

सोमवारी तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया सरकून बसल्या. आम्ही दुपारी डबे मधे ठेवून सगळ्यांत खातो. त्या दिवशी तिच्या भाजीला कोणी हात लावला नाही. ती गोळी घ्यायला उठली तर एकजण म्हणली, "बघा गं, मशीनकडं तर चालली नाही ना!" दोघी-तिघी हसल्या.

संध्याकाळी मिलच्या मुनीमनं मला बोलावलं. बाया भितात, हिनं उद्या काही केलं तर कोण निस्तरणार, काढून टाका. तिला तुम्हीच सांगा म्हणला. आणि मी सांगितलं... हाव, मीच. तिनं बसायचं पोतं घडी करून जागेवर ठेवलं आणि गेली.

मंगळवारी दुपारी जेवण झालं आणि मी रोजच्यासारखी ओरडले, "पाणी द्या गं, बीपीची गोळी घ्यायची!" तांब्या लगेच आला. गोळी जिभेवर होती आणि समोर तिचं घडी केलेलं पोतं...

दोन वर्षांखाली मला मशीनजवळच चक्कर आली होती. बायांनी धरलं म्हणून वाचले. मुनीमनं ऑटो करून घरी पाठवलं, आठ दिवस माझी जागा राखून ठेवली. माझी गोळी सगळ्यांसमोर आणि तिची थप्पीमागं! पडले तर मी होते, तिनं तर काहीच केलं नव्हतं.

तशीच मुनीमकडं गेले. म्हणलं, मला चक्कर आली तेव्हा का नाही काढलं? तो म्हणला, "ते वेगळं आहे अक्का." काय वेगळं? मी सांगितलं, ती येत नसेल तर उद्यापासून झडतीला दुसरी बाई बघा. मोबाइलमध्ये बघत म्हणला, "आणा बाबा, आणा."

तिच्या घरी गेले. दारात उभी राहूनच रेणुका म्हणली, "काय अक्का, घराची पण झडती घ्यायची का?"

मला कोणी असं बोललं तर मी सोडत नाही. त्या दिवशी मात्र चुकलं माझं, म्हणलं. घरात नवऱ्यालासुद्धा कधी म्हणले नाही मी ते. ती म्हणली, "मला एकटीला कशाला सांगता? केलं तर सगळ्यांसमोर होतं."

बरोबर होतं तिचं. बुधवारी गेटवर, त्याच जागेवर, सगळ्या बायांसमोर तेच म्हणले. रेणुका बाजूला उभी होती, माझ्याकडं बघितलं नाही तिनं.

रात्रीच्या गोळीनं तिला सकाळी जड होतं, हे मग कळलं. तीन वर्षं ओरडण्यापेक्षा एकदा विचारलं असतं तर... आता ती तासभर उशिरा, नऊला येते आणि संध्याकाळी तासभर जास्त बसते. पहिल्या दिवशी कुरकुर झालीच. दोघी अजून तिच्या शेजारी बसत नाहीत. पूजा बसते.

दुपारी मात्र ती थप्पीमागंच जायची. इथंच घे, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार?

परवा डबे झाले, मी नेहमीसारखं पाणी मागितलं. तांब्या माझ्याकडं आला तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "अक्का, सगळं पिऊ नका. मला पण गोळी घ्यायची आहे."

जागेवर बसूनच घेतली तिनं. कोणी हसलं नाही.

मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. तेवढी घाई मी ह्या वेळेला करणार नाही.