गजूच्या बागेवरचा चर

हे मी आजवर कोणाले सांगतलं नाही. देवळात गेली तरी ओठाबाहेर काढलं नाही. देवाले तं ठाऊकच असन, मंग त्याले कायले सांगा? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलून राह्यली. अन् आधीच सांगून ठेवते — मी काही पस्तावलेली बाई म्हणून बसली नाही इथं. अर्ध्या गोष्टीचा मले आजही पस्तावा नाही. उरलेल्या अर्धीचं... ते येईन पुढं.

आमचं गाव सोनाळ्याच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. ज्याचं खाली वावर हाय, त्याच्यासाठी डोंगर म्हणजे विहिरीचं पाणी. ज्याले वावर नाही, त्याच्यासाठी डोंगर म्हणजे चारा. मले वावर नव्हतं. माह्या बकऱ्या होत्या. नवरा मेल्यावर एक पाठ, म्हणजे तरणी बकरी, घेऊन माहेरी आली होती मी, तिचाच कळप झाला. सकाळी डोंगरावर चढाचं, दिवस कलला की उतराचं. कोणाचे उपकार नाही, कोणाच्या ताटाकडे पाहणं नाही. बरं चाललं होतं हो माहं.

गजू माहा धाकटा भाऊ, मले बाई म्हणते. माय लवकर गेली, म्हणून मीच त्याले कडेवर वागवलं. त्याचा शेंबूड पुसला, त्याले न्हाऊ घातलं, स्वतः शाळा सोडून त्याले शाळेत पोचवलं. हे काऊन सांगते? तुम्हाले दया याव म्हणून नाही. माहा राग किती खोल हाय ते कळाव म्हणून. परक्यानं लाथ मारली तं माणूस विसरून जाते. कडेवर वागवलेल्यानं मारली तं?

मंग गावात पाणलोटाचं काम आलं. एका संस्थेचे साहेब आले, गजू समितीचा अध्यक्ष झाला. डोंगरावर आडवे चर खणाचे, म्हणजे पाणी वाहून न जाता तिथंच जिरते, झाडं लावाची, अन् चराई बंद कराची. साहेबाचं म्हणणं खोटं नव्हतं. डोंगर बोडका झाला होता, होळीच्या आतच विहिरी तळाले जात. पण साहेब असंही बोलले की ज्याच्या बकऱ्या हायेत त्याच्या पोटाचं आधी पाहा, मंगच डोंगर बंद करा. मी मान डोलावली. तेवढ्यात गजूनं माईक हातात घेतला.

"आधी आपल्या घरातून सुरुवात!" म्हणे. "माही बाई उद्याच्या बाजारात सगळ्या बकऱ्या विकून राह्यली!"

टाळ्या. सगळ्या सभेनं टाळ्या वाजवल्या, अन् माह्याकडे वळून वळून पाह्यलं. मले विचारलं होतं का त्यानं? एका शब्दानं? मी मागं बायांमधी बसली होती. घरी आल्यावर म्हणे, बाई, गावासमोर माही इज्जत ठेव, मी हाय ना तुले. मी हाय ना! दुसऱ्या दिवशी बकऱ्या सोनाळ्याच्या बाजारात गेल्या. चांदी नावाची एक गाभण होती. व्यापाऱ्यानं तिले गाडीत चढवलं तं ती माह्याकडे पाहून ओरडत होती, अन् मी पाठ फिरवली.

तवापासून मी गजूच्या घरी जेवू लागली. त्याची बायको सुनंदा — भली पोरगी. माह्या ताटात कधी तिनं हात आखडता घेतला नाही. पण एक दिवस पाव्हणे बसले होते अन् गजू त्यांले हसत हसत म्हणे, "बाईले आम्हीच तं पोसतो." मी चुलीपाशी होती. हातातली भाकर तव्यावर टाकली अन् ती करपेस्तोवर तशीच उभी राह्यली. मनात म्हणलं, थांब लेका. मी पोसलेलं तू विसरला, आता मी काय करू शकते ते पाह्य.

काय करू शकत होती मी? विधवा बाई, ना वावर ना ढोर. पण देवानं म्हणा का सैतानानं, रस्ता दाखवला.

चराची लाईन आखाले साहेबानं बचत गटातल्या बायांले शिकवलं. तीन काड्यांची चौकट असते, दोन पायाची. मधी सुतळी अन् सुतळीले दगड लोंबते. सुतळी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं चुन्याचं बोट लावाचं, चौकट फिरवाची, पुढचा पाय टाकाचा. अशी लाईन साऱ्या डोंगरावर सपाट गेली तं चरात पाणी उभं राह्यते. जराकही उतार राह्यला तं ते उभं राह्यत नाही, पळते. माह्या हाताले ते लवकर जमलं. साहेबानं पहिले दोन दिवस तपासलं, मंग म्हणे, ताई, तुमचं पाहाचं कामच नाही.

अन् डोंगराच्या खालच्या अंगाले, शेवटल्या चराच्या टोकाशी, कोणाची बाग होती? गजूची. संत्र्याची. झाडं आता कुठं मोठी झाली होती, अन् पुढच्या साली पहिला बहार धराचा होता. अध्यक्षानं डोंगर बंद केला तो कोणासाठी, हे तुम्हाले आता समजलं असन. माहा चारा गेला तवा त्याच्या बागेले पाणी येणार होतं.

तो शेवटला चर मीच आखला. अन् वाकडा आखला.

झालं. सांगून टाकलं. दर पावलाले सुतळी खुणेच्या बाजूले बोटभर सोडली, बस. एका पावलात कोणाच्या डोळ्याले दिसत नाही. साऱ्या डोंगराच्या अंगावर तेवढं बोट बोट जमा होते, अन् सगळा उतार गजूच्या बागेकडे जाते. गजू स्वतः तिथून गेला, "शाब्बास बाई" म्हणून गेला. मी त्याले हसून दाखवलं. असं गोड हसू मले त्याच्या लग्नातही आलं नव्हतं.

पण एक गोष्ट मले तेव्हाही ठाऊक होती. ती बाग गजूची नव्हती. कागदावर होती, खरी ती सुनंदाची होती. विहीर आटली की डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन, उन्हाळ्यात, एकेका झाडाच्या बुडाशी पाणी घालणारी तीच. पान सुकलं तं तिचं तोंड सुकाचं. मी चुना लावत होती तवा ती खाली आळे करून राह्यली होती, अन् मान वर करून तिनं मले हात दाखवला. मीही दाखवला. अन् पुढचा पाय टाकला.

दुसऱ्या साली पोळ्याच्या आसपास डोंगरावर पाणी कोसळलं. बाकीचे चर भरले अन् गप उभे राह्यले. माहा चर धावला. टोकाशी फुटला, बागेच्या वरचा दगडी बांध घेऊन खाली आला. दुपारी आम्ही पाहाले गेलो तं बाग नव्हती. माती खरडून नेली होती, खाली मुरूम उघडा, त्यावर डोंगराचे गोटे. झाडं मुळासकट नाल्याच्या कडंले पडली होती. काही झाडांवर हिरवी फळं तशीच होती.

गजू डोक्याले हात लावून बसला. अन् मले — खोटं कायले बोलू — माहा कलेजा थंड झाला. घरी येऊन मी पोटभर जेवली. गावात बोलणं सुरू झालं, "अध्यक्षाच्याच बागेवर चर फुटला, कसलं काम केलं यानं?" पारावर पोट्टे त्याले हसत. समिती त्याच्या हातातून गेली. हे सगळं मी कानात जीव आणून ऐकत होती. आजही आठवलं की बरं वाटते. याचा पस्तावा मले नाही, कोणी कितीही सांगो.

आता ते दुसरं.

बाग गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी सुनंदा माह्या खोलीत आली. दार लोटलं अन् माह्या पायाशी बसली. "बाई," म्हणे, "बाग मी बुडवली." मले वाटलं दुःखानं बरळून राह्यली. पण ती सांगत गेली. त्या मोठ्या पावसाच्या आधी पाण्यानं ओढ देली होती, झाडं माना टाकून राह्यली होती, तं तिनं वरच्या बांधातले दोन गोटे काढले — चरातलं झिरपलेलं पाणी झाडाकडे याव म्हणून. परत लावाचे राहून गेले. बांध तिथूनच फुटला असं तिले वाटे. "यांले सांगू नका बाई. हे मले जितं ठेवणार नाहीत."

दोन गोट्यानं काय होते हो? सारा डोंगर अंगावर घेऊन पाणी आलं होतं. दोन गोटे असते, नसते, बांध राह्यलाच नसता. हे मले जेवढं माहीत होतं तेवढं दुसऱ्या कोणाले माहीत नव्हतं. एक वाक्य बोलाचं होतं फक्त. सुनंदा, तू नाही, मी.

भीती वाटली का? थोडी वाटली. पण भीतीनं नाही थांबली मी. मी बोलली असती तं ते गजूपर्यंत गेलं असतं. अन् गजू सुटला असता! बहिणीनं घात केला म्हणून गावभर सांगत फिरला असता, गावानं त्याले पोटाशी धरलं असतं, पुन्हा अध्यक्ष केलं असतं. मले ते होऊ द्याचं नव्हतं. त्यानं खाली मान घालूनच जगाव, हे मले पाहिजे होतं. त्याच्यासाठी सुनंदा गेली तं गेली. असा हिशोब मी त्या टायमाले, तिच्या डोक्यावर हात ठेवून केला.

"नाही सांगत," मी म्हणली.

गजूचं पुढं काही बिघडलं नाही. त्यानं पिकअप गाडी घेतली, भाडे मारते, पोट सुटलं त्याचं. सुनंदा मात्र वावरात जात नाही. अंगणात साधी मेथी लावत नाही. कोणी रोप देलं तं म्हणते, माह्या हाताले यश नाही, दुसऱ्याले द्या. केस पिकून गेले पोरीचे.

अजूनही मधूनच येते माह्याकडे. इकडे तिकडे पाह्यते अन् हळूच विचारते, "बाई, ते कोणाजवळ बोलल्या तं नाही ना?"

"नाही वं," मी म्हणते. "कोणाजवळच नाही."

"तुम्ही हायेत म्हणून जीव धरून हाय मी," ती म्हणते. अन् मी ऐकून घेते.